‘उत्प्रेरक’ ढकलतो की वाट दाखवतो?

प्रश्न : रसायनशास्त्रातल्या अलीकडच्या संशोधनावर मराठीत एक लेख लिहिते आहे. २०२१चे नोबेल मिळालेल्या बेन्यामिन लिस्ट आणि डेव्हिड मॅकमिलन यांच्या कामाबद्दल मी लिहिले होते, ‘प्रोलीन स्वतः अभिक्रियेत भाग न घेता तिला चालना देते.’ लेख तपासणाऱ्या मैत्रिणीने ‘भाग न घेता’वर काट मारली आणि समासात लिहिले, ‘घेते!’ शाळेत तर उत्प्रेरकाबद्दल आम्ही हेच पाठ केले होते. मग ‘उत्प्रेरक’चा अर्थ काय धरायचा? आणि ‘असममित सेंद्रिय उत्प्रेरण’ हे त्यांच्या कामाचे नाव वाचकाला झेपेल का?

प्रतिसाद : मैत्रिणीचे बरोबर आहे. लिस्ट यांच्या २०००मधल्या प्रयोगात प्रोलीन हे अमिनो आम्ल ॲसिटोनशी चक्क बंध जोडते. त्यातून एनामीन नावाचा मधला रेणू होतो, तो अल्डिहाइड या दुसऱ्या रेणूशी जुळतो, मग पाणी येऊन प्रोलीनला मोकळे करते आणि ते पुढच्या फेरीला तयार होते. याला ‘भाग न घेणे’ कसे म्हणणार? शेवटी ते होते तेवढेच शिल्लक राहते, एवढाच पाठांतरातल्या वाक्याचा खरा अंश.

आता शब्द. उद् + प्र + ईर्, म्हणजे वर-पुढे हलवणे, उद्युक्त करणे. ‘प्रेरणा’ याच कुळातली. उत्प्रेरणासाठीचा ‘कॅटॅलिसिस’ हा शब्द स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८३५मध्ये घडवला, तो ग्रीक ‘सोडवणे, सैल करणे’ या धातूवरून. ‘ॲनॅलिसिस’मध्येही (विश्लेषण) तोच धातू आहे. मराठीत हे नाते उरले नाही : ‘विश्लेषण’ आणि ‘संश्लेषण’ दोघे ‘श्लिष्’ म्हणजे चिकटणे यावरून आले, ‘उत्प्रेरण’ वेगळ्या घरचे.

गंमत अशी की बर्झेलियस यांची कल्पना मात्र आपल्या शब्दाशी जुळते. पदार्थाच्या नुसत्या उपस्थितीने रेणूंमधली निजलेली ओढ जागी होते, असे ते मानत. म्हणजे प्रेरणाच! पुढे रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्ड यांनी व्याख्या वेगावर आणून ठेवली : अंतिम पदार्थात न दिसता जो अभिक्रियेचा वेग बदलतो तो उत्प्रेरक. त्यांना १९०९चे नोबेल मिळाले. अर्थ पुढे गेला, आपली क्रियापदे मागेच राहिली.

दुसरा प्रतिसाद : मग शब्दच बदलावा का? ‘सुकारक’ कसा वाटतो? काम सुकर करणारा.

प्रतिसाद : नको. ‘उत्प्रेरक’ पाठ्यपुस्तकात, परिभाषेत, बातम्यांत सगळीकडे रुजला आहे. बदलायचे असेल तर त्याच्यासोबतचे क्रियापद बदलावे. ‘तो निर्णय बदलाचा उत्प्रेरक ठरला’ यात ढकलण्याचा भाव आहे आणि तिथे तो चालतो. रसायनात उत्प्रेरक ढकलत नाही. डोंगर चढून जाण्याऐवजी तो खिंडीतली वाट मोकळी करतो. खिंड दोन्ही बाजूंच्या वाटसरूंना सारखीच सोयीची, म्हणून पुढची आणि उलटी अशा दोन्ही अभिक्रिया वेगाने होतात, समतोल होता तिथेच राहतो. ‘चालना देतो’ लिहिले की हा अर्धा अर्थ गळून पडतो.

‘सेंद्रिय’ची मला जास्त काळजी वाटते. आज हा शब्द ऐकला की लोकांना खत आणि शेती आठवते. त्यात ‘सेंद्रिय उत्प्रेरण’ म्हणजे सेंद्रिय पदार्थांच्या अभिक्रियांचे, की सेंद्रिय रेणूने केलेले? सांगायचे आहे दुसरे : इथे उत्प्रेरक स्वतः लहानसा सेंद्रिय रेणू आहे, त्याला धातू लागत नाही. पहिल्या उल्लेखात ‘सेंद्रिय रेणूंनी केलेले, धातूविना उत्प्रेरण’ असे लिहा. लांबले तरी चालेल.

प्रश्नकर्ती : आणि ‘असममित’? मी ‘एकहस्ती’ लिहायचा विचार करत होते.

प्रतिसाद : वाचक ‘एकहाती विजय’ वाचेल! ‘असममित’ रूढ आहे, तो ठेवा, पण उलगडा. काही रेणूंची डाव्या-उजव्या हातासारखी दोन आरशातली रूपे असतात. साध्या उत्प्रेरकाने ती बहुधा निम्मी-निम्मी मिळतात. इथे एकाचे पारडे जड होते. प्रोलीन स्वतःच एका हाताचे असल्याने जोडीदार रेणूला मुख्यतः एकाच बाजूने जवळ आणते. असमानता आहे ती मिळणाऱ्या वाट्यात.

प्रश्नकर्ती : २०२२च्या नोबेलवरही एक परिच्छेद आहे. त्यातल्या ‘क्लिक केमिस्ट्री’साठी ‘टिचकी रसायन’ चालेल का?

प्रतिसाद : अजिबात नाही. टिचकी आपण संगणकावर मारतो. त्या नोबेलचे एक मानकरी शार्पलेस यांच्या मनातला आवाज दोन भाग खट्कन एकमेकांत बसण्याचा आहे. अझाइड आणि अल्काइन हे दोन प्रकारचे रेणू तांब्याच्या उत्प्रेरकाने असे जुळतात, हे त्यांच्या आणि सहमानकरी मेल्डाल यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले, २००२मध्ये. ‘क्लिक’ तसाच ठेवा आणि ‘खट्कन जुळणारे’ असे एकदा सांगा.

‘बायोऑर्थोगोनल’चे ‘जैव-लंबकोनी’ मात्र करू नका. भूमितीचा इथे संबंध नाही. तिसऱ्या मानकरी कॅरोलिन बर्टोझी यांना जिवंत पेशीत अशी अभिक्रिया हवी होती जी पेशीच्या स्वतःच्या व्यवहारात ढवळाढवळ करणार नाही. तांबे पेशींना विषारी, म्हणून त्यांनी ते वगळून ताणलेल्या वलयातले अल्काइन वापरले. वलयाचा ताणच जोडणीला पुरतो. मला यासाठी ‘तिऱ्हाईत’ हा शब्द फार आवडतो. घरात वावरतो, पण घरच्यांच्या देण्याघेण्यात पडत नाही.

आणखी एक प्रतिसाद : एक भर. २००५च्या नोबेलमधले ‘मेटॅथेसिस’ भाषाशास्त्रातही आहे. ‘नुकसान’चे ‘नुस्कान’ होते तो वर्णविपर्यय. रेणूंत दुहेरी बंधाच्या दोन टोकांचे गट जोडीदार बदलतात. ‘विपर्यय’ तिथेही शोभेल, ‘विपर्यास’ नको.

प्रश्नकर्ती : आभार. वाक्य आता असे केले आहे : ‘प्रोलीन ॲसिटोनशी तात्पुरता बंध जोडते, अभिक्रियेला सोपी वाट करून देते आणि शेवटी पुन्हा मोकळे होते.’ ‘उत्प्रेरक’ शब्द ठेवला आहे. ‘तिऱ्हाईत’ही घेतला.