विंडोज ९५ वरून ९८ वर जाताना पीसी अडकतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी नाशिकचा, पंचवटीत राहतो. वडिलांचा जुना पेंटियम पीसी आहे, ३२ एमबी रॅम. दिंडोरीच्या द्राक्षबागेचे सगळे हिशेब त्यात आहेत, म्हणून जीव अडकलाय. यूएसबी कार्ड चालावं म्हणून विंडोज ९५ वर ९८ सेकंड एडिशन टाकायला घेतलं. फाइली कॉपी झाल्या, पण हार्डवेअर शोधताना पट्टी एकाच ठिकाणी थांबते. तासभर वाट पाहिली, हार्ड डिस्कचा दिवाही लागत नाही.

बंद करून पुन्हा चालू केलं तर सेटअप सेफ रिकव्हरी (अडलेलं इन्स्टॉलेशन सावरून पुढे नेण्याचा पर्याय) विचारतो, मग परत तिथेच. बायोसमधली (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधली) व्हायरस वॉर्निंग बंद केलीय. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेलही नवा टाकला, कारण तारीख दर वेळी मागे जात होती.

माझा संशय आयएसए (जुन्या प्रकारच्या स्लॉटमधल्या) साउंड कार्डावर आहे. ते काढून सेटअप पुढे नेला तर चालेल का? डेटलॉग फाइलमधली (सेटअप हार्डवेअर शोधताना जी नोंद ठेवतो ती) शेवटची ओळ पाहून दोषी कार्ड खात्रीने कळतं का?

आणि त्याआधी हिशेब वाचवायचेत. नाशिकमध्ये कुणाकडे आयडीई ते यूएसबी अडॅप्टर (जुनी हार्ड डिस्क दुसऱ्या पीसीला यूएसबीने जोडायचा) असेल तर एक दिवस द्याल का? मी स्वतः येऊन नेईन.