सौंदर्यस्पर्धेच्या तयारीत उत्तरं पाठ करून घ्यावीत का?

शब्दवेल्हाळ
प्रश्नोत्तर फेरीच्या तयारीत आजही शंभर-शंभर प्रश्नांची उत्तरं मुलींकडून घोटून घेतली जातात. हे बंद व्हायला हवं असं माझं ठाम मत आहे. डोक्यात पाठांतर भरलं की कान प्रश्न ऐकतच नाहीत, ओळखीचा शब्द शोधत राहतात. 'यशस्वी स्त्री' एवढं कानावर पडलं की तयार उत्तर सुटतं. २००० च्या मिस वर्ल्डमध्ये प्रियांका चोप्राला विचारलं होतं, हयात असलेल्यांपैकी सर्वांत यशस्वी स्त्री कोण? तिने मदर तेरेसांचं नाव घेतलं. त्या १९९७ मध्येच गेल्या होत्या. प्रश्नातला एक शब्द निसटला की असं होतं.

त्यापेक्षा रोज वीस मिनिटं नुसतं ऐकण्याला द्या. प्रशिक्षकाने प्रश्न एकदाच वाचायचा, मुलीने तो आधी स्वतःच्या शब्दांत परत सांगायचा आणि मगच उत्तर द्यायचं. पहिल्या आठवड्यात निम्म्या वेळा प्रश्नच चुकीचा सांगितला जातो. खरं काम तिथे आहे.

तिसरी_घंटा
असहमत. त्या वर्षीचा मुकुट प्रियांकालाच मिळाला, हेही लिहा की. मिस युनिव्हर्सच्या अंतिम प्रश्नाला साधारण ३० सेकंद मिळतात. मिनिटाला १२० शब्द धरले तर हाती उरतात ६०. समोर हजारो माणसं, डोळ्यांवर दिवे, आणि तुम्ही म्हणता तिने तिथे उभं राहून नव्याने विचार करावा?

साठा हवाच. फक्त तो वाक्यांचा नको. आठ-दहा विषय घ्या, प्रत्येकाचं एक कार्ड, कार्डावर तीनच शब्द: भूमिका, कारण, उदाहरण. पाठ वाक्यातला एक शब्द विसरला की पुढची सगळी साखळी तुटते. तीन शब्दांभोवती वाक्य दर वेळी नवं बनतं, त्यामुळे तुटायला काही नसतंच.

आणि पहिलंच वाक्य उत्तराचं हवं. 'खूप सुंदर प्रश्न विचारलात, धन्यवाद' यात चार सेकंद जातात. १९९४ ला सुश्मिता सेनला स्त्रीत्वाचं सार विचारलं, तेव्हा स्त्री असणं ही देवाची देणगी आहे, इथूनच तिने सुरुवात केली.

शब्दवेल्हाळ
कार्डं मान्य. पण प्रत्यक्षात कार्डावर तीन शब्द राहत नाहीत, कुणीतरी मोठं माणूस अख्खा परिच्छेद लिहून देतं. मग 'सक्षमीकरण', 'सर्वसमावेशक' असले शब्द मुलीच्या तोंडी येतात. बंद दाराआडच्या मुलाखतीत परीक्षक फक्त एवढंच विचारतात, 'म्हणजे नेमकं काय?' तिथे सगळं कोसळतं.

खर्जातला_सा
दोघंही डोक्याबद्दलच बोलताय. आवाजाचं काय? सराव सैल टीशर्टात आणि सपाट चपलांत होतो, स्पर्धा बरगड्या आवळणाऱ्या गाउनमध्ये. पोट फुगायला जागा नसली की श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो, आवाज चढतो आणि वाक्याचा शेवट हवेत विरतो. नेमका मुद्दा शेवटच्या तीन शब्दांत असतो! शेवटचे दहा दिवस तरी गाउन आणि हील्स घालूनच बोलायला लावा. प्रश्न संपला की एक पूर्ण उच्छ्वास, मग श्वास, मग पहिला शब्द.

माइक ओठांपासून दोन-तीन बोटांवर, हनुवटीच्या पातळीला, किंचित तिरका. थेट तोंडासमोर धरला तर 'प' आणि 'भ' फटकन फुटतात. जाळी मुठीत झाकली की आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, वर स्पीकर शिट्टी मारतो. हातवारे मोकळ्या हातानेच. माइकचा हात हलला की मधले दोन शब्द गायब.

मथळेवाचक
मुकुटानंतर पत्रकार येतात, आणि तिथे मात्र पाठांतर लागतंच. 'नाकाची शस्त्रक्रिया केलीत का?' या प्रश्नाला 'नाही, मी नाकाची शस्त्रक्रिया केलेली नाही' म्हटलं की मथळ्यात तिचं नाव, नाक आणि शस्त्रक्रिया हेच उरतं. आरोपाचा शब्द आपल्या तोंडून उच्चारायचाच नाही. तब्येत, नातेसंबंध, पैसे, जुन्या पोस्ट, राजकारण: या पाच विषयांवर प्रत्येकी एक वाक्य, खरं आणि अक्षरशः पाठ. शब्द बदलला की अर्थ बदलतो. आणि कॉलरचा माइक अंगावर आहे तोवर तो चालूच आहे असं धरून बोलायचं.

शब्दवेल्हाळ
त्या पाच वाक्यांपुरती मी माघार घेते. मंचावर नाही.

तिसरी_घंटा
मग मंचापुरती ही चाचणी करून बघा. एकच प्रश्न तीन दिवस, दर वेळी वेगळ्या शब्दांत विचारा आणि उत्तरं रेकॉर्ड करा. तिन्ही उत्तरं शब्दशः सारखी आली तर तुमचं म्हणणं खरं, ते कार्ड फाडून टाका. भूमिका तीच आणि वाक्यं वेगळी आली, तर साठ्याला हात लावू नका.