वाचनालय असताना पुस्तकं विकत कशाला घ्यायची?

पानपिंपळ

शीर्षकात आहे तेच म्हणायचंय. ज्यांच्या घरापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर बऱ्यापैकी वाचनालय आहे, त्यांनी कथा-कादंबऱ्या, आत्मचरित्रं, प्रवासवर्णनं विकत घेणं बंद करावं. शब्दकोश, पाककृती, पोथ्या घ्या, त्या सतत हाताशी लागतात. बाकीचं आणा, वाचा, परत करा.

यंदाच्या पावसाळ्यातलं माझं सगळं वाचन असंच झालं. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण', १९३९ सालचं. युद्ध तोंडावर आलेलं, युरोपातून मुंबईला निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, आणि चक्रधर-हॅर्टाचे ते मोजके दिवस. एवढंसं पुस्तक, पण वाचून झाल्यावर दोन दिवस दुसरं काही हातात धरवलं नाही. मग माडगूळकरांची 'बनगरवाडी'. मग लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे', मूळचे चारही भाग एकाच जाडजूड ठोकळ्यात. वडिलांच्या सोवळ्याचे किस्से ही बाई ज्या थंडपणे सांगते, त्याला तोड नाही. आणि दुर्गाबाईंचं 'ऋतुचक्र'. ते महिन्यांप्रमाणे लिहिलेलं आहे, म्हणून आषाढाचं प्रकरण आषाढात वाचलं, परत केलं आणि श्रावण लागल्यावर पुन्हा आणलं. यातलं एकही माझ्या मालकीचं नाही आणि त्यावाचून काही अडलं नाही.

उलट मजा जास्त आली. शनिवारी संध्याकाळी पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून निघायचं. आत गेल्यावर कपाटांकडे न वळता काउंटरशेजारी परत आलेल्या पुस्तकांचा ढीग असतो, त्यात आधी हात घालायचा. गावातले लोक खरोखर काय वाचतात ते त्या ढिगात कळतं. एकदा शिवणकामाच्या पुस्तकाखाली 'युगान्त' सापडलं. परतताना कोपऱ्यावर कटिंग, पाऊस असेल तर सोबत कांदाभजी. आणि सगळ्यात मोठा फायदा मुदतीचा. घरचं पुस्तक 'निवांत वाचू' म्हणत वर्षानुवर्षं फळीवर बसतं. पंधरा दिवसांत परत द्यायचं पुस्तक माणूस वाचतोच.

रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८चं. आपल्याकडे वाचायची रीत ही अशी होती. काचेच्या कपाटात पुस्तकं मांडून त्यांचे फोटो टाकायची टूम अलीकडची.

तिरपागडा

साफ असहमत. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा) वगैरे ठीक आहे, पण आपण नावं घेतलीत ती बघा. बेडेकर, माडगूळकर, लक्ष्मीबाई, दुर्गाबाई. सगळी दिवंगत मंडळी. त्यांना तुमच्या खरेदीची गरज नाही. आज लिहिणाऱ्या माणसाचं काय? दोन-अडीच वर्षं खपून तो कादंबरी लिहिणार, प्रकाशक भीत भीत पाचशे प्रती काढणार, लेखकाला छापील किमतीवर दहा टक्के मिळणार असं धरू. तीनशेच्या पुस्तकामागे तीस रुपये. अख्खी आवृत्ती संपली तर पंधरा हजार. आणि तुमच्या वाचनालयातली एक प्रत ऐंशी जण वाचणार, त्या ऐंशी वाचकांचे मिळून लेखकाला तेच तीस रुपये. कटिंग आणि भज्यांवर त्या संध्याकाळी याहून जास्त गेले असतील.

पानपिंपळ

भजी मधे आणू नका. :) ते ऐंशी वाचक वाचनालय नसतं तर पुस्तक विकत घेणार होते, हे कशावरून? त्यातल्या अठ्ठ्याहत्तर जणांना लेखकाचं नावही कळलं नसतं. वाचनालय गिऱ्हाईक पळवत नाही, वाचक तयार करतं. आणि वाचनालयसुद्धा पुस्तक विकतच घेतं की! राज्यात अकरा हजारांच्या वर मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. प्रत्येकाने एकेक प्रत घेतली तरी अकरा हजारांची आवृत्ती हातोहात जाईल. मग पाचशे प्रती पडून का राहतात, हा प्रश्न वाचकाला विचारू नका.

कल्याणस्लो

तुमचं हे 'पायी जाता येईल इतक्या अंतरावर' वाचून गंमत वाटली. आमचं वाचनालय पायी अंतरावर आहे, पण ते साडेसातला बंद होतं आणि मी स्टेशनावर उतरतो सव्वाआठला. रविवारी त्यांची सुट्टी, सोमवारी माझी सुरुवात. नोकरदाराने काय करायचं?

माझं वाचन लोकलमध्ये. खिडकी मिळाली तर राजा, नाही तर उभ्याउभ्या एका हाताने. त्यासाठी पुस्तक स्वतःचंच लागतं: घामाचा हात लागतो, पाऊस उडतो, डब्यातल्या लोणच्याचं तेल लागतं. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनं घेतो. आत कुणीतरी कुणाला वाढदिवसाला दिल्याचं शाईत लिहिलेलं असतं, ते आधी वाचतो. 'बनगरवाडी'ची माझी प्रत अशीच, कुणा मुलीला शाळेत निबंधाचं बक्षीस म्हणून मिळालेली. शाळेचा गोल शिक्का, मुख्याध्यापकांची सही. तरुण मास्तर एकटाच धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, ती गोष्ट त्या शिक्क्यासकट वाचण्यात जी मजा आहे ती रेक्झिनच्या पुठ्ठ्यात नाही. नाही म्हणजे नाही.

बायंडिंगचा बळी

+१. रेक्झिनचा विषय निघालाच आहे तर माझं दुःख मांडतो. वाचनालयाचा बायंडर पुस्तक शिवताना आतला समास गिळून टाकतो. डाव्या पानावरच्या ओळींची शेवटची दोन अक्षरं आणि उजव्या पानावरची पहिली दोन शिवणीच्या पोटात. कादंबरी वाचायची म्हणजे पुस्तक दोन्ही हातांनी फाकवून, मान वाकडी करून शिवणीत डोकवायचं. कवितेच्या पुस्तकाचं हे झालं की संपलंच.

आणि सहवाचक! आमच्याकडच्या रहस्यकथांत कुणी महात्मा पहिल्याच पानावर पेन्सिलीने 'खून पुतण्याने केला आहे' असं लिहून ठेवतो. गेली कित्येक वर्षं तोच माणूस, तेच वळणदार अक्षर. एकदा त्याने चुकीचं नाव लिहिलं होतं. मी शेवटपर्यंत पुतण्यावर डोळा ठेवून बसलो आणि निघाला डॉक्टर. त्या एका पुस्तकासाठी त्याला माफ केलंय.

आजीचा चष्मा

मला 'मालकीचं नाही आणि अडलं नाही' हे वाक्य पटलं नाही. माझं अडलं असतं. आमच्या घरात एक लाकडी कपाट होतं, त्याची एक काच फुटलेली. त्या फुटक्या जागेतून हात घालून जे निघेल ते मी वाचलं. दहाव्या-अकराव्या वर्षी चिं. वि. जोशी तिथेच भेटले आणि नको त्या वयात बरंच काही तिथेच भेटलं. वाचनालयात तेव्हा मुलांना बालविभागाच्या पलीकडे जाऊ देत नसत. मुलं पुस्तकं शोधायला बाहेर जात नाहीत, ती घरात अडखळायला लागतात. दुपारी आई झोपलेली, पंखा घरघरतोय आणि समोर नुसती पुस्तकांची पाठ. ज्या घरात सगळंच पंधरा दिवसांनी परत जातं, त्या घरात मूल कशावर अडखळणार?

शिवाय पुन्हा वाचण्याचं काय? 'स्मृतिचित्रे' मी पूर्ण अशी फार कमी वेळा वाचलीय. पण जेवण होऊन ओटा आवरला की मधलंच पान उघडून दहा मिनिटं वाचते. ते दहा मिनिटांचं सुख तारखेच्या चिठ्ठीवर कसं बसवायचं?

पानपिंपळ

पुन्हा वाचण्याचा मुद्दा बिनतोड आहे, म्हणून त्याला बगल देतो. :) मुलांच्या बाबतीत मात्र मला नाही पटत. मूल वाचणाऱ्या माणसाकडे बघून वाचतं, कपाटाकडे बघून नाही. भरगच्च कपाट आणि त्यासमोर मोबाईलवर बोटं फिरवणारे आई-बाप अशी घरं भरपूर पाहिली आहेत.

ग्रंथपाल तालुक्याचा

अकरा हजार प्रतींचा हिशोब वाचून राहवलं नाही. मी एका छोट्या ग्रंथालयात काम करतो. बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगतो. १९६७च्या कायद्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि अनुदान वर्गाप्रमाणे. २०२२ मध्ये शासनाने ते ६० टक्क्यांनी वाढवलं. ऐकायला भारी वाटतं, पण ड वर्गाचं अनुदान त्यामुळे झालं वर्षाला ४८,००० रुपये. महिन्याचे चार हजार. त्यातले निम्मे पगाराला. उरलेल्या निम्म्यात जागेचं भाडं, वीजबिल, रोजची वर्तमानपत्रं, मासिकं, दिवाळी अंक, कपाटाची दुरुस्ती आणि मग पुस्तकं. दहा-बारा वर्तमानपत्रं लावली की वर्षाचं बिल काय होतं, काढून बघा. पुस्तकांना उरतं ते चिल्लर.

मग काय होतं? जास्त सवलत देईल त्याच्याकडून गठ्ठा घेतला जातो. त्या गठ्ठ्यात कुणी न मागितलेली चरित्रं असतात, सुविचार असतात, एकच मजकूर तीन वेगळ्या मुखपृष्ठांत असतो. तपासणीला संख्या लागते, ती भरते. तिरपागडा म्हणतात तो आजचा कादंबरीकार त्या गठ्ठ्यात नसतो. आणि सकाळी आठपासून खुर्च्या भरलेल्या असतात त्या स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी. त्यांना कादंबरी नको असते, शांतता आणि पंखा हवा असतो. तोही ग्रंथालयाचा उपयोगच आहे, माझी तक्रार नाही. पण पानपिंपळ यांना मिळालेलं 'रणांगण' आणि 'ऋतुचक्र' ही शहरातल्या जुन्या, स्वतःची इमारत असलेल्या संस्थेची चैन आहे. आमच्याकडचं 'ऋतुचक्र' वाळवीने श्रावणापर्यंत खाल्लंय.

तिरपागडा

घ्या! म्हणजे वाचनालयं मेलेल्यांची पुस्तकं जपणार आणि नव्यांची घेणार नाहीत. मग नव्यांची घ्यायची कुणी? माझंच म्हणणं सिद्ध झालं.

पानपिंपळ

तुमचं नाही, माझं. सभासद वाढले, त्यांनी काउंटरवर नावं घेऊन पुस्तकं मागितली, तरच समितीवर दबाव येतो. आमच्याकडे मागणीची वही आहे. त्यात लिहिलेलं आजवर बहुतेक आलं आहे. वर्गणी महिन्याला शंभर रुपयांच्या आत. तिरपागडा, तुम्ही शेवटचं कोणत्या वाचनालयाचे सभासद होता?

तिरपागडा

कॉलेजात. अनामत रक्कम अजून तिकडेच आहे.

परदेशस्थ मावशी

इथे न्यू जर्सीत तुमच्या दोन्ही बाजूंचा हेवा वाटतोय. इथली सार्वजनिक ग्रंथालयं उत्तम, पण मराठीचा शेल्फ जिथे असेल तिथे हातभर. आमचं पुस्तक येतं बॅगेतून. तेवीस किलोंची बॅग, त्यात चकलीची भाजणी, गोडा मसाला, मेतकूट आणि उरलेल्या जागेत पुस्तकं. निघायच्या आदल्या रात्री वजनकाट्यावर बॅग ठेवून आई विचारते, 'हे काढू का ते?' दर वेळी मेतकूट जिंकतं. म्हणून मी मराठी ईबुकं घेते. त्यात ना शिवण, ना शिक्का, ना फुटकी काच. पण रात्री दिवा मालवून अक्षरं हवी तेवढी मोठी करून वाचता येतं, आणि पन्नाशीनंतर ते सुख काय आहे ते पन्नाशीनंतरच कळेल.

बायंडिंगचा बळी

अवांतर: मेतकूट जिंकतं हे योग्यच आहे.

वारसदार

मी इतका वेळ नुसता वाचत होतो. काका गेले, मूलबाळ नव्हतं, दोन खोल्या भरून पुस्तकं मागे राहिली. आयुष्यभर पदरमोड करून घेतलेली, प्रत्येकावर तारीख आणि दुकानाचं नाव. ती कुणालाही नको होती. दोन ग्रंथालयांनी 'जागा नाही' म्हणून हात जोडले, एकाने यादी मागितली आणि पुन्हा फोन केला नाही. नातेवाइकांनी नेली ती ज्ञानेश्वरी आणि रुचिरा. शेवटी रद्दीवाला आला. त्याने किलोवर घेतली आणि पुठ्ठ्याच्या बांधणीची वेगळी काढली, कारण पुठ्ठ्याला भाव कमी.

म्हणून साठवणाऱ्यांना एकच विचारतो: पुढे कुणाला, हे ठरवलंय का? नसेल तर पानपिंपळ म्हणतात ते बरोबर आहे.

आजीचा चष्मा

वाईट वाटलं. पण काकांनी पन्नास वर्षं त्या पुस्तकांत जी मजा घेतली, ती रद्दीवाल्याने किलोवर नेली का? ती वसूल झाली होती की. सगळ्याच गोष्टी पुढच्या पिढीला उपयोगी पडाव्यात म्हणून घ्यायच्या का?

ग्रंथपाल तालुक्याचा

वारसदार, काही उरली असतील तर सांगा. जागा आमच्याकडेही नाही, पण माडगूळकर, जी. ए., दुर्गाबाई असतील तर मी सुविचारांचा एक गठ्ठा बाहेर काढायला तयार आहे. समितीला काय सांगायचं ते मी बघतो. फक्त देणाऱ्याने तीन गोष्टी पाळाव्यात: जुनी शालेय पुस्तकं मधे घुसडू नका, ओल लागलेलं वेगळं बांधा, आणि 'आमच्या काकांच्या नावाचं कपाट लावा' ही अट घालू नका. कपाटाचे पैसे कुणीच देत नाही.

तिरपागडा

आणि नवीन पुस्तकं? ती देणगीत कशी येणार?

ग्रंथपाल तालुक्याचा

तुम्ही विकत घ्या, वाचा आणि पंधरा दिवसांत आम्हाला पाठवा. पोस्टेज तुमचं.