मदत हवी आहे: अपघाताचा दावा, पण मामांकडे पगारपत्रक नाही

नमस्कार मंडळी. इंदापूरजवळ टेम्पोने मामांच्या दुचाकीला मागून धडक दिली. मांडीत रॉड टाकलाय, उकिडवं बसता येत नाही. मामा गवंडी, न बसता गिलावा कसा करणार?

एफआयआर, पंचनामा झालाय. आता विमा कंपनीचा माणूस घरी चकरा मारतोय. म्हणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली गंभीर दुखापतीचे अडीच लाख घ्या, चूक कोणाची ते सिद्धच करावं लागत नाही. खरंय, पण ते स्वीकारले की कलम १६६ चा, म्हणजे समोरच्याची चूक सिद्ध करून पूर्ण नुकसानभरपाई मागण्याचा, दावा संपतो, हे तो सांगत नाही! मामी सही करायला निघाल्या होत्या, मी थांबवलं.

दावा राहत्या जिल्ह्यात करता येतो, म्हणून साताऱ्याच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात (अशा दाव्यांचं कोर्ट) करायचा विचार आहे. सहा महिन्यांच्या मुदतीच्या आत टाकूच.

अडलंय ते उत्पन्नाच्या पुराव्यावर. मुकादमाची हजेरीची वही आहे, सिमेंटचे डाग पडलेली, पेन्सिलीने लिहिलेली. ती चालते का? की मुकादमाला साक्षीला उभं करावं लागेल? आणि अपंगत्वाचा दाखला सिव्हिलमधून आताच काढावा की रॉड निघाल्यावर?

कोणी असा दावा लढवला असेल तर कृपया सांगा. वकिलांची फी टक्केवारीत ठरवू नका, असंही एकजण म्हणाला, त्याबद्दलही लिहा.