गेमक्यूबला गेम बॉय ॲडव्हान्स जोडून चौघांनी खेळायचे खेळ: कोणते निवडावेत?

धागाकर्ता:

आम्ही चौघे मित्र एकत्र बसून जुन्या कन्सोलवरचे खेळ खेळतो. आमच्याकडे निन्टेंडोचा टीव्हीला जोडायचा गेमक्यूब आणि हातात धरून खेळायची यंत्रे म्हणून दोन गेम बॉय ॲडव्हान्स एसपी व एक डीएस लाइट एवढी सामग्री आहे. ज्या खेळांत टीव्हीचा पडदा सगळ्यांचा असतो, पण प्रत्येकाच्या हातातल्या यंत्रावर त्याचे स्वतःचे काहीतरी वेगळे दिसते, असे खेळ आम्हाला हवे आहेत. यंत्र जोडल्यावर केवळ एखादा पोशाख किंवा जास्तीचा नकाशा मिळतो, अशा खेळांत आम्हाला रस नाही. यांपैकी कोणत्या खेळांसाठी आणखी यंत्रे आणि केबल जमवणे सार्थकी लागेल आणि सुरुवात कोणत्या खेळापासून करावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद:

गेमक्यूबला गेम बॉय ॲडव्हान्स जोडता येणाऱ्या खेळांची यादी बरीच मोठी असली, तरी तुमची अट लावली की तिच्यातले बहुतेक खेळ आपोआप गळतात. ‘मेट्रॉइड प्राइम’ला ‘मेट्रॉइड फ्यूजन’ जोडले की नवा पोशाख आणि मूळ ‘मेट्रॉइड’ खुले होतात, तर ‘ॲनिमल क्रॉसिंग’मध्ये बेटावर जाता येते, पण हे सगळे एकट्याने करायचे उद्योग आहेत. ‘द विंड वेकर’मधील टिंगल ट्यूनर या हातातल्या यंत्रावर चालणाऱ्या साधनामुळे दुसऱ्या माणसाला हातभार लावता येतो खरा, मात्र त्याची भूमिका मदतनिसाचीच राहते. चौघांसाठी गंभीरपणे विचार करावा असे माझ्या मते तीनच खेळ उरतात. ते पारखताना मी एकच कसोटी लावतो: हातातल्या पडद्यावर दिसणारी गोष्ट इतरांपासून लपलेली असल्यामुळे खेळण्याची रीत बदलते की नाही?

या कसोटीवर ‘पॅक-मॅन व्हीएस.’ (2003) सर्वात खरा उतरतो. त्याची कल्पना निन्टेंडोचे खेळ-रचनाकार शिगेरू मियामोतो यांची. पॅक-मॅन झालेल्या खेळाडूला गेम बॉय ॲडव्हान्सवर संपूर्ण चक्रव्यूह दिसतो. उरलेले तिघे भुते होऊन साध्या कंट्रोलरवर खेळतात आणि त्यांना टीव्हीवर फक्त आपल्या अवतीभवतीचा थोडासा भाग दिसतो. त्यामुळे ‘तो डावीकडे गेला’, ‘खालच्या कोपऱ्यात बघ’ असा एकमेकांना ओरडून सांगण्याचा भाग खेळातच शिरतो. ज्या भुताने पॅक-मॅनला पकडले तोच पुढच्या फेरीत पॅक-मॅन होतो, म्हणून कंट्रोलर आणि हँडहेल्ड यांची प्रत्यक्ष अदलाबदल करावी लागते. मुख्य म्हणजे चौघांना मिळून एकच गेम बॉय ॲडव्हान्स आणि एकच केबल पुरते, म्हणजे तुम्हाला नवे यंत्र घ्यावेच लागणार नाही. हा खेळ प्रामुख्याने नामको कंपनीच्या इतर खेळांबरोबर जोडून दिला गेला होता, त्यामुळे शोधताना ‘आर: रेसिंग इव्होल्यूशन’सारख्या खेळाच्या जुन्या संचात त्याची डिस्क आहे की नाही हे पाहावे.

दुसरा क्रमांक मी ‘द लेजंड ऑफ झेल्डा: फोर स्वोर्ड्स ॲडव्हेंचर्स’ (2004) याला देईन. एकट्याने खेळताना यात साधा कंट्रोलर चालतो, पण दोघे झाले की प्रत्येकाला स्वतःचे गेम बॉय ॲडव्हान्स आणि स्वतःची केबल लागते. मोकळ्या मैदानातला खेळ टीव्हीवर चालतो आणि गुहेत किंवा घरात शिरलेला खेळाडू तेथून अदृश्य होऊन स्वतःच्या हातातल्या पडद्यावर उतरतो. त्याने आत काय उचलले, हे इतरांना त्याच्या सांगण्यावरूनच कळते. खेळाचा वरवरचा उद्देश सहकार्याचा असला, तरी फोर्स जेम नावाची रत्ने गोळा करण्याची चढाओढ सतत चालू असते, एकमेकांना उचलून दरीत फेकता येते, आणि टप्पा संपल्यावर कोणाची मदत झाली व कोणी त्रास दिला यावर मतदानही होते. आठ विभागांत प्रत्येकी तीन टप्पे असल्यामुळे एकेका बैठकीत थोडे थोडे संपवणेही सोयीचे जाते.

तिसरा खेळ म्हणजे ‘फायनल फँटसी: क्रिस्टल क्रॉनिकल्स’. तो जपानमध्ये 2003 मध्ये आणि इतरत्र 2004 मध्ये आला. त्यात एकापेक्षा जास्त खेळाडू असतील तर प्रत्येकाकडे गेम बॉय ॲडव्हान्स हवेच. कंट्रोलर चालत नाही. प्रत्येकाच्या पडद्यावर वेगळी माहिती येते: कोणाला नकाशा, कोणाला राक्षसांच्या जागा, कोणाला खजिने, तर कोणाला शत्रूचा तपशील. याशिवाय प्रत्येकाला एक गुप्त उद्दिष्ट मिळते आणि ज्याचे गुण सर्वात जास्त होतात तो टप्प्याच्या शेवटी बक्षिसांतून पहिली निवड करतो. खेळ चांगला आहे, पण त्याची गती संथ आहे. शिवाय विषारी धुक्यापासून वाचवणारा चषक कोणीतरी सतत वाहावा लागतो आणि वाहणाऱ्याला त्या वेळी लढता येत नाही, त्यामुळे चौथ्या मित्राच्या वाट्याला पुष्कळदा हमालीच येते.

दुसरा प्रतिसाद:

वरील प्रतिसादात यंत्रांविषयी थोडी भर घालणे आवश्यक वाटते, कारण चुकीची केबल मागवणे ही या छंदातील नेहमीची फसगत आहे. दोन गेम बॉय ॲडव्हान्स एकमेकांना जोडणारी केबल येथे उपयोगाची नाही. एका टोकाला गेमक्यूबच्या कंट्रोलरचा प्लग असलेली वेगळी केबल लागते. निन्टेंडोच्या मूळ केबलचा क्रमांक डीओएल-011 आहे. ती मूळ गेम बॉय ॲडव्हान्सला आणि एसपीला बसते. गेम बॉय मायक्रोचे छिद्र निराळे असल्यामुळे ती त्याला बसत नाही. तुमच्या डीएस लाइटचा मात्र येथे काहीच उपयोग नाही, कारण त्यात गेम बॉय ॲडव्हान्सची कार्ट्रिज (खाचेत बसवायच्या खेळाच्या डब्या) चालत असली तरी जोडणीचे छिद्रच नाही.

मूळ गेम बॉय ॲडव्हान्सच्या पडद्याला स्वतःचा प्रकाश नसतो. टीव्ही पाहण्यासाठी खोलीतले दिवे मंद केले की तो जवळजवळ दिसेनासा होतो, म्हणून उरलेली दोन यंत्रेही एसपीच असावीत असे मी सुचवेन. पुढेमागे गेमक्यूब बिघडलाच तर सुरुवातीच्या वी कन्सोललाही गेमक्यूबच्या कंट्रोलरसाठी चार जागा आहेत आणि ही केबल तेथेही चालते. 2011 मध्ये आलेल्या व त्यानंतरच्या वी मॉडेलमधून मात्र त्या जागा काढून टाकण्यात आल्या. डिस्क घेताना ती आपल्या कन्सोलच्याच प्रदेशाची आहे ना, हेही पाहावे.

तिसरा प्रतिसाद:

‘क्रिस्टल क्रॉनिकल्स’बद्दलचे मत मला पटले नाही. चषक वाहणे हे ओझे वाटते ते एकच माणूस शेवटपर्यंत तो धरून बसतो तेव्हा. आळीपाळीने उचलायचे ठरवले की वाहणाराच सगळ्यांना कोठे उभे राहायचे हे ठरवू लागतो, कारण त्याच्या वर्तुळाबाहेर गेलेल्याचे प्राण घटत जातात. खरी मजा मंत्रांच्या जोडणीत आहे. दोघांनी अचूक वेळ साधून अग्निमंत्र टाकला तर अधिक मोठा मंत्र तयार होतो, आणि ही वेळ साधण्यासाठी मोठ्याने बोलण्यावाचून गत्यंतर नसते. सामान बदलणे आणि मंत्र मांडून ठेवणे ही कामे हातातल्या पडद्यावर होत असल्यामुळे एकाच्या यादीपायी बाकीच्यांचा खेळ थांबत नाही. टीव्हीवर चौघांच्या चार याद्या उघडल्या असत्या तर हा खेळ चाललाच नसता. तेव्हा लपवाछपवीची कसोटी पुरेशी नाही असे माझे मत आहे. फार दिवस चालणारा प्रवास हवा असेल तर हाच खेळ घ्यावा. तासाभराची धमाल हवी असेल तर ‘पॅक-मॅन’ बरा.

पहिला प्रतिसाद देणारा:

सामानाच्या यादीचा मुद्दा मान्य आहे. तरीही आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या गटासाठी माझा क्रम तोच राहील, कारण ‘क्रिस्टल क्रॉनिकल्स’मध्ये चौघांपैकी एक जण नियमित येत नसेल तर त्याचे पात्र मागे पडते आणि पुढच्या टप्प्यांत त्याचे हाल होतात.

चौथा प्रतिसाद:

यंत्रे जमवणे शक्य झाले नाही तर पर्याय आहेत, पण प्रत्येकात काहीतरी गमवावे लागते. ‘क्रिस्टल क्रॉनिकल्स’ची सुधारित आवृत्ती ऑगस्ट 2020 मध्ये निन्टेंडो स्विच, प्लेस्टेशन 4 आणि मोबाइल फोन यांवर आली. तिच्यात सहखेळ फक्त इंटरनेटवरून होतो आणि कथेतील प्रगती यजमानाचीच नोंदली जाते, त्यामुळे एकच टप्पा प्रत्येकासाठी पुन्हा खेळावा लागतो. एका सोफ्यावर बसणाऱ्यांना ती मी सुचवणार नाही. ‘पॅक-मॅन व्हीएस.’ 2017 च्या स्विचवरील ‘नामको म्युझियम’मध्ये आहे, त्यासाठी दोन स्विच लागतात, परंतु दुसऱ्यासाठी मोफत सहायक ॲप असल्यामुळे खेळाची एकच प्रत पुरते.

संगणकावर गेमक्यूबची नक्कल करणाऱ्या डॉल्फिन या एम्युलेटर प्रोग्रॅममध्ये 2021 पासून गेम बॉय ॲडव्हान्सचे एम्युलेशनही अंतर्भूत आहे, म्हणजे केबल आणि यंत्रे दोन्ही लागत नाहीत. स्वतःच्या डिस्क आणि स्वतःच्या यंत्रातून काढलेले बायोस (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) मात्र हवे. अडचण एवढीच की एकाच संगणकावर चौघांच्या खिडक्या शेजारी शेजारी उघडतात. ‘फोर स्वोर्ड्स’मध्ये ते चालून जाते, ‘पॅक-मॅन’मध्ये सगळा डाव उघडा पडतो.

धागाकर्ता:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक केबल घेऊन ‘पॅक-मॅन व्हीएस.’ने सुरुवात करायची, त्यानंतर दुसरी केबल घेऊन दोघांनी ‘फोर स्वोर्ड्स’ तपासायचा आणि तो आवडला तरच आणखी दोन एसपी शोधायचे, असे ठरवले आहे. दोन शंका उरतात. ‘फोर स्वोर्ड्स’ दोघांत नीट चालतो का? आणि प्रत्येक एसपीमध्ये खेळाचे वेगळे कार्ट्रिज लागते का?

दुसरा प्रतिसाद देणारा:

दोघांत तो व्यवस्थित चालतो. खेळाडू कमी असले तरी लिंक या नायकाची चारही रूपे मैदानात असतात आणि उरलेली उपस्थित खेळाडूंनाच सांभाळावी लागतात. मस्ती मात्र चौघांतच खरी. कार्ट्रिज अजिबात लागत नाही. गेमक्यूब केबलमधून एक छोटा प्रोग्रॅम एसपीच्या स्मृतीत पाठवतो आणि एसपी तोच चालवतो. त्यामुळे खाच रिकामी ठेवूनच एसपी चालू करावा. वाटेत तो बंद झाला तर प्रोग्रॅम पुसला जातो आणि जोडणी पुन्हा करावी लागते, म्हणून बसण्यापूर्वी सगळ्या बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून ठेवा.

‘फोर स्वोर्ड्स’ विकत घेताना नावाची खात्री करून घ्या. 2002 च्या ‘अ लिंक टू द पास्ट’च्या गेम बॉय ॲडव्हान्स कार्ट्रिजमध्ये नुसता ‘फोर स्वोर्ड्स’ नावाचा वेगळा खेळ आहे. त्याला गेमक्यूब लागत नाही, पण प्रत्येक खेळाडूकडे ते कार्ट्रिज आणि यंत्रे आपापसांत जोडणारी दुसरी केबल असावी लागते. तुम्हाला हवी आहे ती शेवटी ‘ॲडव्हेंचर्स’ असे नाव असलेली गेमक्यूबची डिस्क.