फोटो अंतराळातला, शब्द मात्र ‘ध्रुवीय प्रकाश’?

ओळीवाली : अंतराळ स्थानकातून काढलेल्या अरोराच्या, म्हणजे ध्रुवांकडे रात्री आकाशात दिसणाऱ्या रंगीत उजेडाच्या, फोटोंखाली मराठी ओळी लिहितेय. ‘ध्रुवीय प्रकाश’ हा शब्द रुळलेला आहे, पण फोटोत ध्रुव कुठेच नाही. काळ्या पृथ्वीच्या कडेला हिरवा पट्टा, वर लालसर धूसर काहीतरी. काय म्हणावं? आणि अरोरा ‘दिसला’ की ‘दिसली’?

शब्दखुळा : ‘दिसला’. प्रकाश पुल्लिंगी, तर तोही. पंजाबी आडनावाशी गल्लत नको असेल तर ‘ऑरोरा’ लिहा. मूळ नाव रोमन उषादेवीचं, त्यामुळे ‘उत्तरउषा’ कुणीतरी सुचवेलच. माझा आधीच नकार. उषा म्हटली की तांबडं फुटायला हवं, इथे बहुतेक मामला हिरवा.

दुर्बीण : दोन्ही रंग ऑक्सिजनचेच. हिरवा साधारण १०० ते १५० किमी उंचीवर, तांबडा २०० किमीच्या वर. स्थानक फिरतं सुमारे ४०० किमीवरून. म्हणजे हिरवा अंतराळवीराच्या पायाखाली, आणि मोठ्या सौर वादळात (सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांचा मारा वाढतो तेव्हा) तांबडा त्याच्या उंचीपर्यंत चढतो. त्यामुळे ‘आकाशात झळकला’ लिहू नका. ध्रुवाबद्दलची शंका रास्त आहे. हा प्रकाश चुंबकीय ध्रुवाभोवतीच्या कड्यात असतो, ऐन ध्रुवावर नव्हे. स्थानक ५१.६ अंश अक्षांशापलीकडे जातच नाही, म्हणून तिथून तो बहुधा लांबून, आडवा दिसतो.

तुळशीवृंदावन : मग ‘प्रभावळ’ का नको? देवामागची पितळी कमान डोळ्यांसमोर आणा. फोटोतली कमान तशीच आहे.

दुर्बीण : त्या फोटोपुरतं झकास! पण १९८१ साली सोडलेल्या डायनॅमिक्स एक्सप्लोरर-१ या उपग्रहाने खूप उंचावरून अख्खं कडं एका चित्रात पकडलं. ते चहूबाजूंनी बंद असतं, प्रभावळ खाली उघडी. तिथे ‘प्रभावलय’ म्हणा.

शब्दखुळा : ‘खळं’ मात्र नको, ते चंद्राला पडतं. माझं मत : जमिनीवरून पडदा, स्थानकातून झालर किंवा प्रभावळ, उपग्रहातून वलय. सगळ्यांना मिळून ‘ध्रुवीय प्रकाश’ असू द्या, शब्दकोशाशी कशाला भांडायचं? ‘थिरकतो’ हे क्रियापद तेवढं आवरा. स्थानकातून आलेल्या अरोराच्या चित्रफिती बहुधा सुटे फोटो जोडून पळवलेल्या असतात. निम्मं थिरकणं तिथलं.

तुळशीवृंदावन : मे २०२४ च्या सौर वादळात लडाखमधल्या हानले इथल्या कॅमेऱ्यांत तांबूस उजेड आला होता. त्यालाही ‘ध्रुवीय’च?

दुर्बीण : वृत्तपत्री मथळ्यात चालवून घेऊ. तांबडा भाग उंचावर असल्याने लांबून, क्षितिजालगत तेवढाच दिसतो. लडाखात हिरवी झालर शोधू नका.

ओळीवाली : ‘प्रभावळ’ घेतली! एका फोटोत मात्र क्षितिजभर एकसारखी, बारीक, पिवळट-हिरवी रेघ आहे. तीही हीच?

दुर्बीण : नाही. ती वातावरणाची स्वतःची मंद चमक. सौर वादळ असो-नसो, विषुववृत्तावरसुद्धा असते. त्या ओळीतून ‘ध्रुवीय’ काढा, प्रभावळही काढा. ‘रात्रीच्या हवेची चमक’ एवढंच लिहा.