घोडदळ आणि जीवितहानी

अमेरिकन यादवीत स्वयंसेवी घोडदळाचं काम टेहळणीपुरतं होतं, खरं मरण पायदळाच्या वाट्याला आलं, असं बऱ्याचदा म्हटलं जातं. एकूण आकड्यांत ते बरोबर आहे, पण अमेरिकेच्या मेन राज्यातल्या ‘फर्स्ट मेन कॅव्हलरी’ या घोडदळ रेजिमेंटला हे लागू करू नका. १८६१च्या अखेरीस मेनमधल्या ऑगस्टा इथे उभी राहिलेली ही रेजिमेंट उत्तरेच्या, म्हणजे संघराज्याच्या, बाजूने लढली. ९ जून १८६३ला व्हर्जिनियातल्या ब्रँडी स्टेशनला लढली आणि आठच दिवसांत, १७ जूनला, तिथल्याच आल्डीच्या चढाईत तिचे कर्नल कॅल्विन डाउटी मारले गेले. लढाईत आणि जखमांनी तिची १७४ माणसं गेली. उत्तरेच्या कुठल्याही घोडदळ रेजिमेंटपेक्षा जास्त!

मला मात्र दुसराच आकडा अस्वस्थ करतो. रोगराईने गेलेले ३४४, म्हणजे जवळपास दुप्पट. त्यांची नावं कुठल्याच लढाईच्या वर्णनात येत नाहीत.

आणखी एक. घोडदळ बऱ्याचदा खाली उतरून लढायचं, तेव्हा दर चौथा स्वार मागे घोडे धरून थांबायचा. म्हणजे चारशेंची तुकडी असली तरी गोळीबाराच्या रांगेत तीनशेच. हानीचं प्रमाण काढताना हे धरायला हवं.